फुफाटा कोण मोजतो?

पत्र

आदरणीय सर,
मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणामुळं बी.ए., बी.कॉम.च्या मुलांसाठी विज्ञान शाखेनं दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह द्यायचा ठरलं आणि तो माझ्या गळ्यात पडला. 'दैनंदिन जीवनातील विज्ञान' असं नाव ठेवलं. न्यूटनचे नियम, प्रकाश, वीज, उष्णता असा अभ्यासक्रम काढला. पहिल्या दिवशी साठ मुलं होती, आता नऊ येतात. मागच्या महिन्यात अंधश्रद्धेचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, पानाड्यानं नारळ हातावर ठेवून पाणी शोधणं हे थोतांड आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, आमच्या रानात पानाड्यानं दाखवलेल्या जागी दोन इंची पाणी लागलं, अन् सरकारी माणसानं दाखवलेल्या जागी नुसता फुफाटा, कोरडी धूळ. मग थोतांड कुणाचं?" सगळा वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. विभागप्रमुख म्हणतात, नोट्स द्या, पास करा, कशाला डोक्याला ताप. सर, विज्ञान शाखेत न आलेल्या या मुलांना मी नेमकं काय शिकवू? की नोट्स देऊन मोकळी होऊ?
– एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम,

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आधी पुढं बोलवा. साठ जणांत विज्ञानाचं वाक्य त्या एकट्यानं उच्चारलं. त्यानं दोन पद्धती शेजारी ठेवल्या, दोन्हींचा निकाल सांगितला आणि म्हणाला, आता बोला. तुम्ही त्याला 'थोतांड' हा शब्द दिला होता, त्यानं तुम्हाला पुरावा दिला. पुरावा तोकडा होता ही गोष्ट वेगळी. पण तो तोकडा का, हे दाखवायला तुमच्याजवळ त्या घडीला काही नव्हतं. पोरांना असलं बरोबर कळतं. कळलं म्हणूनच हसली.

वाईट वाटून घेऊ नका. मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली पहिली पंधरा वर्षं हीच चूक करत आलो. ग्रहणाच्या आदल्या दिवशी वर्गात जायचं, 'बिनधास्त जेवा' म्हणून सांगायचं आणि आपण किती वैज्ञानिक म्हणून खूश होऊन घरी यायचं. घरी आईनं पाण्याच्या घागरीत तुळशीचं पान टाकलेलं असायचं. तिला मी कधी एक शब्द बोललो नाही, हेही सांगून टाकतो.

आता पानाड्याकडं येऊ. तुमच्या तीस तासांतले सात-आठ तास इथंच निघतील, आणि ते सगळ्यात चांगले तास असतील.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत, सांध्यांत आणि दोन थरांच्या मधल्या फटीत साचतं. त्यामुळं पुष्कळ रानांत कुठंही बोअर मारा, थोडंफार पाणी लागण्याची शक्यता असतेच. आणि तिथून वीस फुटांवर तीनशे फूट जाऊनही कोरडं निघू शकतं. म्हणजे नारळ उभा राहिला काय अन् आडवा पडला काय, काही बोअर लागणार, काही जाणार. 'पानाड्यानं दाखवलं तिथं पाणी लागलं का?' हा प्रश्न म्हणून अर्धाच आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग असा: 'पानाड्याला न विचारता जिथं बोअर घेतले, तिथं किती लागले?'

फळ्यावर मोठा चौकोन काढा, उभी-आडवी रेघ मारून चार घरं करा. पानाड्यानं दाखवलं आणि पाणी लागलं. दाखवलं आणि फुफाटा. न दाखवता लागलं. न दाखवता फुफाटा. मग प्रत्येकाला सांगा, आपल्या गावातल्या पाच बोअरची माहिती आण: जागा कुणी दाखवली, किती फूट गेला, पाणी किती इंची, आणि मे महिन्यात मोटर किती वेळ चालते. नऊ पोरं असली तरी पंचेचाळीस बोअर झाले. समजा, पानाड्याच्या वीस बोअरपैकी चौदा लागले. वर्ग म्हणेल, बघा! आणि आपल्या मनानं घेतलेल्या दहांपैकी सात लागले. आता वर्गाला गप्प बसू द्या. दहात सात दोन्हीकडं आहेत हे कुणीतरी स्वतःहून म्हणेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड काम आहे, आपल्याला बोलायची सवय असते.

माहिती गोळा करताना मुलांना आणखी एक गोष्ट दिसेल, ती मला आकड्यांहून मोलाची वाटते. लागलेल्या बोअरची गोष्ट सगळं गाव सांगतं. नारळ फोडला, हिरवं लुगडं वाहिलं, पोरांनी पहिल्या पाण्यात अंघोळी केल्या. फुफाट्याच्या बोअरवर दगड ठेवतात आणि त्याचं नाव काढत नाहीत. पानाड्याही म्हणतो, पाणी होतंच, तुम्ही पन्नास फूट आधी थांबलात. म्हणजे एक घर आपोआप भरत जातं आणि दुसरं आपोआप पुसलं जातं. यात कुणी खोटं बोलत नाही. माणसाची आठवणच तशी आहे. ही एवढी गोष्ट ज्या पोराला कळली, त्याला पुढं शेअर बाजाराच्या टिपा देणारा, हमखास औषधवाला आणि कोचिंग क्लासचा टॉपरच्या फोटोंचा फ्लेक्स, तिन्ही वेगळे दिसायला लागतील. फ्लेक्सवर वीस चेहरे असतात, क्लासला किती होते ते नसतं.

आणि हो, सरकारी माणसाचा फुफाटाही चौकटीत आला पाहिजे. भूजल सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून ती कुठं किती अडते ते मोजतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. तो अंदाज असतो, हमी नसते. 'पानाड्या खोटा, भूवैज्ञानिक खरा' असा धडा शिकवलात तर पुढच्या एका फुफाट्यानं तो कोसळेल. तुमच्या वर्गात तो कोसळलाच की.

तुम्हाला धाकधूक असेल, आकडे पानाड्याच्या बाजूनं आले तर? तर तेच फळ्यावर लिहायचं, न खोडता. आणि विचारायचं, यातलं नारळाचं किती आणि डोळ्यांचं किती? म्हातारा पानाड्या चाळीस वर्षं शिवारं तुडवतो. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, उतार कुणीकडं आहे, शेजाऱ्याची विहीर किती खोल आहे, हे त्याला दिसत असतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीतलं पाणी शोधण्यावर दकार्गल नावाचा अध्याय आहे, तो अशाच झाडांच्या आणि वारुळांच्या खुणांनी भरलेला आहे. म्हणून पुढची पायरी: पानाड्याचे डोळे बांधायचे, त्याच रानातून तीनदा चालवायचं आणि नारळ उभा राहील तिथं दर वेळी खुंटी ठोकायची. पाणी नारळाला कळत असेल तर तिन्ही खुंट्या जवळपास पडतील. डोळ्यांना कळत असेल तर विखुरतील. हे करण्याआधी त्याला घरी बोलावून, चहा पाजून, अट मान्य आहे का ते विचारा. तो नाही म्हणाला तर सोडून द्या. म्हाताऱ्या माणसाला पोरांपुढं उघडं पाडायला आपण निघालेलो नाही.

डोळे बांधणं हा अपमान नसतो, हे सांगायला तुमच्या शेजारीच एक नामी उदाहरण आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्रानं 2023 च्या एप्रिलमध्ये तिला 2,600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि कृष्णविवरांच्या धडकेसारख्या घटनेतून उठलेली गुरुत्वीय लहर गेली की त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढा फरक पडतो, तो पकडायचा. पोरांना कृष्णविवरं सांगा, त्यांना आवडतात, पण एका तासात आटपा. खरी गोष्ट पुढं आहे. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांवर 2010 च्या सप्टेंबरमध्ये एक झकास संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने डोकेफोड केली, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. 2011 च्या मार्चमध्ये खरं काय ते सांगणारं बंद पाकीट सगळ्यांसमोर उघडलं तेव्हा कळलं, तो संकेत त्यांच्यातल्याच दोन-चार जणांनी गुपचूप घातलेला होता. यंत्रही तपासायचं आणि माणसंही. ही सोय सगळ्यांनी आधीच मान्य केलेली होती. पुढं 14 सप्टेंबर 2015 ला खरा संकेत आला, तर पहिली शंका हीच, की हाही कुणी घातला तर नाही ना? एवढ्या शिकलेल्या लोकांनी स्वतःचे डोळे असे बांधून घेतले. पानाड्याला तेच सांगा.

आता अभ्यासक्रम. न्यूटनचे नियम काढून टाका. फिजिक्सच्या माणसाला हे ऐकताना त्रास होईल, पण बी.ए.च्या मुलानं ते नववी-दहावीत वाचले, मार्क मिळवले आणि विसरला. तुम्ही तेच थोडं सोपं करून पुन्हा वाढलंत. शिळी भाकरी कुस्करून दिली म्हणून ताजी होत नाही. पुढच्या चाळीस वर्षांत हा मुलगा त्वरण काढणार नाही. तो बियाणं घेईल, बोअर घेईल, पाण्याचं मशीन घेईल, आईच्या शुगरच्या गोळ्या चालू ठेवायच्या की कुणाच्या सांगण्यावरून काढा सुरू करायचा ते ठरवेल. यातलं प्रत्येक ज्ञान त्याच्याकडं असणं शक्य नाही. तुमच्याकडं तरी कुठं आहे? मला बोंडअळीतलं कळत नाही, मी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला वाचतो. तेव्हा कुणाला विचारायचं, आणि सांगणाऱ्याला खरंच कळतं का हे कसं ओळखायचं, एवढं त्याला आलं पाहिजे. 'हे तुम्हाला कसं कळलं?' हा प्रश्न न लाजता आणि न उर्मटपणे विचारता आला, तर दोन क्रेडिट वसूल.

मशीनवरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींनी हाक मारली. ओट्यावर आरओ विकणारा एक पोरगा बसलेला. टाय वगैरे. समोर काचेचे दोन ग्लास, एकात वहिनींच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यानं बाटलीतून आणलेलं 'शुद्ध' पाणी. चार सळ्यांचं एक यंत्र त्यानं दोन्ही ग्लासांत बुडवलं आणि पिन सॉकेटमध्ये घातली. दोन मिनिटांत बोअरच्या पाण्याला हिरवट झाक आली, मग ते गढूळ तपकिरी झालं, वर फेस, खाली चोथा. दुसरा ग्लास जसाच्या तसा. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई, हे पितो आम्ही?" पोरगा काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

मी आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हणालो, आता पुन्हा लाव. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही कॉलेजला सर होता का?" लावलं. या वेळी जो चिखल झाला तो बोअरच्या पाण्याच्या वरताण होता.

घाण पाण्यातली नव्हतीच, सळीतली होती. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची सळी विरघळते, आणि दिसतो तो चोथा म्हणजे लोखंडाचं हायड्रॉक्साइड. शुद्ध पाण्यात क्षार नाहीत, वीज नीट वाहत नाही, सळी तशीच राहते. मीठ टाकलं की तेही सुरू. हा प्रयोग वर्गात करा. फक्त विक्रेत्याचं यंत्र थेट घरच्या विजेवर चालतं, त्याच्या नादी लागू नका. बारा व्होल्टचा अडॅप्टर, लोखंडाचे दोन खिळे, दोन ग्लास आणि मीठ पुरे. खिळे एकमेकांना टेकू देऊ नका. आधी विक्रेत्याचं नाटक जसंच्या तसं करा, वर्गाला घाबरू द्या, आणि मग विचारा, ही घाण कुठून आली हे तपासायला काय करून बघाल? कुणीतरी 'खिळे बदलून बघू' म्हणेल, कुणी 'पाणी उकळून बघू'. मीठ तुम्ही सुचवू नका. एक तास वाट बघायची तयारी ठेवा.

याच्या शेपटीला एक गोष्ट आहे. वहिनींनी मशीन घेतलंच, हप्त्यावर. आणि ते चुकलं असं मला म्हणता येत नाही, कारण त्यांच्या बोअरचं पाणी खरोखर मचूळ आहे. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावं. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. विक्रेत्याच्या खिशातला पेनासारखा मीटर क्षार किती ते ढोबळ सांगतो. कोणते, ते सांगत नाही, आणि जंतूंबद्दल तर तो मुका आहे. वीस लिटरच्या थंड जारबद्दलही 'थंड' एवढंच खात्रीनं सांगता येतं. नमुना जिल्ह्याच्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यायचा आणि कागदावरचे आकडे वाचायचे. असा एक कागद मिळवून त्याच्या झेरॉक्स वाटा. पुरावा खोटा आणि निर्णय बरोबर असंही घडतं, हे मुलांना गोंधळात टाकेल. टाकू द्या.

पावसाचे अंदाज एका तासात होतात. हवामान खात्याचा 'सामान्य पाऊस' म्हणजे जून ते सप्टेंबर, सबंध देशाच्या 87 सेंटिमीटर सरासरीच्या 96 ते 104 टक्के. त्यातून गेवराईच्या माणसाला स्वतःच्या रानाचं काही कळत नाही, आणि म्हणून 'खातं खोटं' असंही ठरत नाही. कृत्रिम पावसालाही तीच चार घरं लावा. 2015 ला आणि 2019 ला आपल्याकडं विमानं उडाली, पाऊस पडला, फोटो आले. विमान गेलं नसतं तर पडला असता का? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापूरकडं हा हिशेब नीट मांडला. कोणत्या ढगात फवारायचं आणि कोणता तसाच सोडायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि मग दोन्हींची तुलना केली.

एका ठिकाणी मात्र चौकटी भरत बसू नका. साप चावला की सरकारी दवाखाना, दुसरं काही नाही. मांत्रिकाकडं माणसं बरी होतात, कारण आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अंगात गेलं असेल तर प्रतिविषाशिवाय इलाज नाही, आणि मांत्रिकाच्या दारात गेलेला तास परत मिळत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा राज्यातल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगा. देव, नवस, उपास यांच्या वाटेला तुमच्या तीस तासांत जाऊ नका. ती चर्चा वाईट म्हणून नव्हे. पहिल्याच आठवड्यात पोरांना घर की मॅडम असं निवडायला लावलंत तर ती घर निवडतील, आणि निवडावंच. बोअर, आरओ, बियाणं यांत कुणाची श्रद्धा दुखावत नाही, खिसा दुखतो. तिथं पोरं मोकळेपणानं विचार करतात. पुढचं ती आपली आपण बघतील.

किल्लारीच्या भूकंपासाठी तीन-चार तास राखून ठेवा. तुमच्या मुलांचा जन्म त्यानंतरचा, पण घरोघरी आठवण आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारचा सुमार, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा लातूरला होतो. पुढचा महिनाभर आम्ही अंगणात झोपलो. रोज नवी आवई यायची: अमावस्येला पुन्हा येणार, अमक्या तारखेला याच्याहून मोठा येणार. पंचांगवाले तारीख आणि वेळ देत होते. शास्त्रज्ञ म्हणत होते, पुढचा भूकंप कधी होईल ते सांगता येत नाही. लोक आम्हाला विचारायचे, मग तुमचा काय उपयोग? माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तुमच्यासारखाच वर्गात उभा होतो.

आज मी ते असं शिकवीन. किल्लारीला 1992 च्या ऑगस्टपासून लहान धक्के बसत होते. मग आधीच का नाही सांगितलं? त्यावर मुलांना नांदेड सांगा. तिथं 2006 नंतर काही वर्षं जमिनीतून आवाज आणि धक्के येत राहिले, लोक रस्त्यावर झोपले, आणि मोठा भूकंप झाला नाही. वसमतकडच्या पांगरा शिंदेचे आवाज तर तुमच्या मुलांनी ऐकलेही असतील. लहान धक्क्यांनंतर मोठा येतो तो क्वचित, बहुतेकदा नुसतेच विरतात. पुन्हा चार घरं आली बघा. किल्लारी आपल्या लक्षात आहे, कारण तिथं घर कोसळलं. दुसरी गोष्ट नकाशाची. तेव्हा तो भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या क्षेत्रात होता. 2002 च्या मानकात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं आणि लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घेतला. मुलं विचारतील, म्हणजे आधी चुकलं होतं? होय, चुकलं होतं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेल्यावर दुरुस्त झालं, हेही सांगा, आडपडदा न ठेवता. पंचांगवाल्यांच्या तारखा एकामागून एक येऊन गेल्या. त्यांच्या नकाशात मात्र काहीच बदललं नाही. आणि 'कधी' सांगता येत नसलं तरी 'कुठल्या घरात मराल' हे सांगता येतं: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं. त्या रात्री बहुतेकांचा जीव त्या भिंतींनी घेतला. एवढं ज्ञान पुरेसं होतं, ते घरापर्यंत पोचलं नव्हतं.

राहता राहिली कॉलेजची व्यवहारी बाजू. तासिका तत्त्वावरच्या माणसाला 'जीव ओता' म्हणणं मला सोपं आहे, मला पेन्शन आहे. म्हणून जीव ओतू नका, काम कमी करा. बोअर, पाणी, किल्लारी, एवढे तीनच विषय घ्या. अभ्यासक्रमाची शीर्षकं विद्यापीठाकडं गेली असतील तर राहू द्या. 'वीज' या शीर्षकाखाली खिळ्यांचा प्रयोग बसतो, 'विज्ञान व समाज' म्हणून किल्लारी बसतं. अंतर्गत मार्क बोअरच्या तक्त्याला द्या. परीक्षेला एखादा व्हॉट्सअॅपवरचा दावा छापा आणि विचारा: यात नेमकं काय म्हटलंय, कोण म्हणतंय, त्याचा यात फायदा काय, आणि विश्वास ठेवण्याआधी तुम्ही कोणती एक गोष्ट तपासाल? खरं की खोटं असं विचारू नका, पोरं तुमच्या तोंडाकडं बघून उत्तर देतात. विभागप्रमुखांना नोट्स हव्यात ना, द्या की, दोन पानांच्या. आणि हे सगळं मराठीत, त्यांच्या मराठीत. फुफाटा हा शब्द त्या मुलानं दिलाय, तो खोडून 'निष्फळ विंधन विहीर' करू नका.

जाता जाता, यातले खिळे आणि चार घरं बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षालाही एकदा करून बघा. माझ्या अनुभवात तिथं मीठ सुचायला जास्त वेळ लागतो.

नऊ मुलांनिशी सुरू करा. सोमवारी त्या मुलाला एवढंच विचारा, दोन इंची पाणी लागलं त्याच्या आधी तुमच्या रानात एकूण किती बोअर घेतले होते, आणि त्यांच्या जागा कुणी दाखवल्या होत्या? लगेच उत्तर देऊ देऊ नका. वडिलांना विचारून ये म्हणा. आकडा आला की मलाही कळवा.